पीळ आणि भोवरकडी

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण मराठी माणूस सहसा एखाद्याच्या हट्टी स्वभावाला उद्देशून वापरतो. तिच्यामागचा मूळ अनुभव मात्र दोर वळणाऱ्यांचा आहे. काथ्याचे किंवा अंबाडीचे तंतू सुटे असतात तोवर त्यांना बळ नसते. त्यांना पीळ दिला की तेच तंतू एकमेकांना घट्ट धरतात आणि मस्तवाल बैलालाही आवरील असा दोर तयार होतो. परंतु ज्या पिळाने दोराला बळ दिले, तोच पीळ त्याच्या अंगात कायमचा दबा धरून बसतो. दोरावर भार पडला की तो उलगडू पाहतो. भार सुटला की पुन्हा आवळू पाहतो. अशा वेळी दोर सैल असेल तर त्यात पेच पडतो, आणि पेच पडलेला दोर नेमका त्याच जागी तुटतो.

शेतकऱ्याने या दोषावर फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे. जनावर खुंट्याला बांधले की ते दिवसभर फिरत राहते आणि त्याच्या दाव्याला पीळ चढत जातो. म्हणून दाव्यात एक भोवरकडी घालतात. तिचे दोन भाग एका खिळ्याभोवती एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. जनावराने ओढले तर ओढ खुंट्यापर्यंत पोचते. जनावर फिरले तर ते फिरणे कडीतच विरून जाते. ओढ पलीकडे जाऊ द्यायची आणि पीळ अलीकडेच थांबवायचा, एवढेच या कडीचे काम.

हे काम दिसते तितके क्षुल्लक नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत माणसाने समुद्राच्या तळाशी तारा टाकल्या, त्या तारांतून आधी विजेचे आणि पुढे प्रकाशाचे संदेश धाडले. या साऱ्या उद्योगात दाव्याचाच प्रश्न पुनःपुन्हा नव्या रूपात उभा राहिला. कधी तो सुटला, कधी सुटता सुटता हातचा गेला. एकदा तर सगळ्या जगाचे लक्ष लागलेली मोहीम अक्षरशः एका भोवरकडीने मोडली.

या कथेचा आरंभ समुद्रावर नाही, खाणीत आहे. जर्मनीतील हार्ट्‌झ डोंगरात क्लाउस्टाल येथे विल्हेल्म आल्बेर्ट नावाचे खाण-अधिकारी होते. खोल खाणींतून खनिज वर काढण्यासाठी त्या काळी अंबाडीचे दोर किंवा लोखंडी साखळ्या वापरीत. दोर कुजत आणि साखळीची एक कडी तुटली की सारा भार खाली कोसळे. १८३४ साली आल्बेर्ट यांनी लोखंडी तारांचा दोर वळून पाहिला. चार तारांचा एक पेड आणि अशा तीन पेडांचा एक दोर. साखळीत एक कडी गेली की सर्वनाश ठरलेला. तारदोरात एक तार तुटली तरी बाकीच्या अकरा भार सांभाळतात. हा दोर हां हां म्हणता खाणीखाणींतून पसरला.

आल्बेर्ट यांच्या दोरात तारांचा पीळ आणि पेडांचा पीळ एकाच दिशेला होता. असा दोर लवचीक आणि टिकाऊ होतो, पण भार मोकळा लोंबकळत ठेवला तर तो भराभर उलगडू लागतो. खाणीत पाळण्याला दोन्ही बाजूंनी वाटाड्या रुळांचा आधार असल्यामुळे ही खोड तेथे दबून राहिली. पुढे तारांना एका दिशेचा आणि पेडांना उलट दिशेचा पीळ देण्याची रीत रुळली. दोन विरुद्ध पीळ एकमेकांना बऱ्याच अंशी रोखून धरतात, पूर्णपणे मात्र नव्हे. पिळाला पिळानेच आवरण्याची ही युक्ती या इतिहासात पुढे अनेकदा भेटते.

इंग्लंडात आर. एस. न्यूअल यांचा तारदोरांचा कारखाना होता. १८५० साली डोव्हर आणि फ्रान्सचा किनारा यांच्यामध्ये पहिली सागरी तार टाकली गेली. तांब्याच्या तारेवर गटापर्चाचे वेष्टन, एवढेच तिचे रूप. संदेशांची थोडी देवाणघेवाण झाली न झाली तोच ती निकामी झाली. दुसऱ्या वर्षी, १८५१ मध्ये, त्याच मार्गावर जी तार टाकली तिच्याभोवती तारदोराप्रमाणे दहा जाड लोखंडी तारांचे कवच पिळून बसवले होते. ही तार टिकली. अशा रीतीने सागरी तार आणि खाणीतला दोर यांचे नाते जुळले. कवचाबरोबर दोराची शक्ती आली, आणि दोराची खोडही आली.

जहाजाच्या पोटात मैलोगणती तार वेटोळे करून ठेवावी लागते. जमिनीवर दोराचे वेटोळे घालताना प्रत्येक फेऱ्याला दोराच्या अंगात एकेक पीळ जातो. तो वर उचलून काढताना तोच पीळ उलटा निघून जातो. हिशेब सरळ आहे, पण तो वेळेवर चुकता झाला पाहिजे. तार वेगाने ओढली गेली आणि एखादा फेरा पीळ सुटण्यापूर्वीच ताणला गेला, तर त्याची गाठ होते. न्यूअल यांनी वेटोळ्याच्या मध्यभागी एक शंकू उभा करण्याची आणि वर कड्या लावून तारेला आवर घालण्याची पद्धत काढली. तार त्या शंकूभोवती शिस्तीने उलगडत वर येते. ही व्यवस्था साधी होती, पण तिने पिळाचा हिशेब जहाजातच मिटवला.

एवढे ज्ञान गाठीशी असतानाही अटलांटिक महासागरात तार टाकण्याच्या उद्योगात एक विलक्षण चूक घडली. सायरस फील्ड या अमेरिकन व्यापाऱ्याच्या चिकाटीमुळे १८५६ साली अटलांटिक टेलिग्राफ कंपनी उभी राहिली. आयर्लंडपासून न्यू फाउंडलंडपर्यंत सुमारे २,५०० सागरी मैल तार हवी होती. वेळ थोडा म्हणून काम दोन कारखान्यांत वाटून दिले: अर्धी तार ग्रीनिच येथे ग्लास, एलियट यांच्याकडे आणि अर्धी बर्कनहेड येथे न्यूअल यांच्याकडे. सात तांब्याच्या तारांचा गाभा, त्यावर गटापर्चाचे तीन थर, त्यावर अठरा पेडांचे लोखंडी कवच, हे सारे ठरले होते. कवचाचा पीळ उजवा की डावा, हे मात्र ठरवायचे राहून गेले. काम संपत आले तेव्हा ध्यानात आले की एका कारखान्याने उजवा पीळ दिला आहे, दुसऱ्याने डावा.

चूक हास्यास्पद वाटली तरी तिचा परिणाम गंभीर होता. एकाच पिळाच्या दोन तारा टोकाला टोक जोडल्या, तर ताण पडल्यावर एक सांध्याला एका बाजूला फिरवू पाहते, दुसरी दुसऱ्या बाजूला. दोन्ही प्रयत्न एकमेकांना छेद देतात आणि सांधा स्थिर राहतो. विरुद्ध पिळाच्या तारा जोडल्या म्हणजे दोघींचा जोर एकाच दिशेला लागतो. सांधा गरगर फिरू लागतो आणि दोन्ही कवचे एकदमच उलगडत जातात. कवच उलगडले की तार लांबते आणि सारा भार आतल्या तांब्यावर व गटापर्चावर येतो. अखेर उपाय म्हणून एक लाकडी चौकट बनवण्यात आली. तारांची टोके त्या चौकटीत जखडायची, म्हणजे एकीचा पीळ दुसरीकडे जाणार नाही आणि सांध्यावर ताण येणार नाही.

१८५७ च्या ऑगस्टमध्ये पहिला प्रयत्न झाला, पण ती चौकट वापरण्याची वेळच आली नाही. निघून काही दिवस होतात तोच ब्रेक चुकीच्या क्षणी आवळला गेला आणि सुमारे दोन हजार वाव खोल पाण्यात तार तुटली. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर, सुमारे सहा फूट; कोकणातील दर्यावर्दी याच मापाने पाणी मोजीत आले आहेत. १८५८ साली योजना बदलली. ‘ॲगमेम्नॉन’ आणि ‘नायगारा’ या दोन जहाजांनी भर समुद्रात भेटून सांधा करावयाचा आणि मग एकाने पूर्वेला, दुसऱ्याने पश्चिमेला जायचे, असे ठरले. आता सारा भरवसा त्या चौकटीवर आला. २६ जूनला पहिला सांधा पाण्यात सोडण्यापूर्वी त्यात शकुन म्हणून सहा पेन्सचे एक वाकवलेले नाणे ठेवण्यात आले. ज्या युगाने देवभोळेपणाला हसायला सुरुवात केली होती, त्याच युगातील यंत्रज्ञ ते ठेवताना पाहत होते.

तार त्या खेपेला पुनःपुन्हा तुटली. अखेर २९ जुलैला नवा सांधा झाला आणि ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही टोके किनाऱ्याला लागली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. तरीही दोन्ही खंडांत उत्सव झाले. तीन-चार आठवड्यांत तार मुकी झाली. तिचे विद्युत्‌रोधन सदोष होते, आणि तशा तारेत वाजवीपेक्षा फार जोराचा प्रवाह सोडल्याने उरलेसुरले तेही गेले. लाकडी चौकट मात्र आपल्या कामात चुकली नव्हती.

१८६५ च्या मोहिमेत पूर्वीच्या बहुतेक चुका टाळल्या होत्या. तार नवी होती. पूर्वीची सव्वातीन टन ताण सोसू शके, ही पावणेआठ टन सोसू शकत होती. तारेचे सारे वेटोळे पोटात घेऊ शकेल असे त्या काळी एकच जहाज होते, ते म्हणजे ब्रुनेल यांनी रचलेले ‘ग्रेट ईस्टर्न’. कॅप्टन जेम्स अँडरसन, मुख्य अभियंता सॅम्युअल कॅनिंग, शिवाय विल्यम थॉमसन आणि सायरस फील्ड ही मंडळी जहाजावर होती. हजार सागरी मैलांहून अधिक तार सुखरूप उतरली. न्यू फाउंडलंड सुमारे ६०० मैल राहिले असताना, २ ऑगस्ट रोजी, सदोष भाग दुरुस्तीसाठी वर ओढत असताना तार तुटली आणि सुमारे अडीच हजार वाव पाण्याखाली गेली.

इतक्या खोल पाण्यातून बोटभर जाडीची वस्तू शोधून वर काढणे वेडेपणाचे वाटावे असे होते. तरी कॅनिंग यांनी लोखंडी काट्यांचा गळ खाली सोडला. तळ गाठायला त्याला दोनेक तास लागले. गळाला जोडण्यासाठी जहाजावर सुमारे पाच मैल तारदोर होता, पण तो सलग नव्हता. शंभर-शंभर वावांचे तुकडे लोखंडी कड्यांनी आणि भोवरकड्यांनी एकमेकांना जोडलेले होते. भोवरकड्या घालणे शहाणपणाचेच होते. मैलोगणती लांबीचा तारदोर भाराखाली उलगडू पाहणार, गळ तळावर लोळत फिरणार, आणि कड्या नसत्या तर सारा दोर स्वतःच्याच पिळाने गुंतून गेला असता.

गळात तार सापडली. जहाजावरील ताणमापकाचा काटा चढू लागला तसा लोकांचा श्वास रोखला गेला. तार तळापासून सुमारे ७०० वाव वर आली, आणि एक लोखंडी भोवरकडी निखळली. गळ, तार आणि जवळजवळ दोन मैल दोर पुन्हा समुद्रतळाशी गेला. दुसऱ्यांदा गळ टाकला, दुसऱ्यांदा तार सापडली, या खेपेला ती अधिक वर आली, आणि पुन्हा एका भोवरकडीनेच दगा दिला. त्यापुढचेही प्रयत्न फसले. ११ ऑगस्टला शेवटचा दोर तुटला तेव्हा जहाजावर पुरेसा दोरच उरला नव्हता. ‘ग्रेट ईस्टर्न’ रिकाम्या हातांनी परतले.

या अपयशाचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. तार सापडत होती. जहाज समर्थ होते. गणित बरोबर होते. मोडली ती कडी, आणि तिचे मोडणे आकस्मिक नव्हते. भोवरकडीत साऱ्या दोराचा भार एका खिळ्याच्या डोक्यावर येतो. दोराच्या कित्येक तारांत वाटलेला ताण तेथे बोटभर लोखंडात एकवटतो. शिवाय फिरणाऱ्या दोन पृष्ठभागांत घर्षण असतेच. भार जितका मोठा, तितके घर्षण अधिक, आणि म्हणून कडीची सर्वांत जास्त गरज ज्या क्षणी असते नेमक्या त्याच क्षणी ती फिरायला नाखूश होते. दाव्यातील भोवरकडीला हा पेच कधी पडला नव्हता, कारण बैलाची ओढ टनांत मोजावी लागत नाही.

१८६६ च्या मोहिमेने दोन कामे अंगावर घेतली: एक नवी तार टाकणे आणि दुसरे, बुडालेली तार वर काढून पुरी करणे. नवी तार १३ जुलैला निघून २७ जुलै १८६६ रोजी न्यू फाउंडलंडमधील हार्ट्‌स कंटेंट या गावी सुखरूप लागली. मग जहाजे पुन्हा त्या निर्जन जागी आली. या वेळी गळासाठी वीस मैल दोर होता आणि तो तीस टनांचा ताण सोसू शकत होता. लोखंडी तारांना मनिला अंबाडीचे आवरण देऊन तो वळलेला होता. गळ तीसेक वेळा टाकावे लागले. एकाच जागी सारा भार पडू नये म्हणून तार निरनिराळ्या जहाजांनी निरनिराळ्या जागी उचलून धरली आणि ‘मेडवे’ जहाजाने आपल्या बाजूला ती मुद्दाम तोडून मधला ताण कमी केला. सप्टेंबरच्या दुसऱ्या तारखेच्या पहाटेपूर्वी तारेचे टोक ‘ग्रेट ईस्टर्न’वर आले.

आयर्लंडच्या किनाऱ्यावर व्हॅलेन्शियाच्या तारघरात वर्षभर त्या मुक्या तारेवर पाळत ठेवलेली होती. थॉमसन यांनी शोधलेल्या उपकरणात एका चिमुकल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर पडे आणि तारेतील क्षीण प्रवाहाने तो डावीउजवीकडे सरके. त्या रात्री तो ठिपका हेतुपूर्वक हलू लागला. समुद्रातून आलेला संदेश शेवटी प्रकाशाच्याच रूपाने वाचला गेला. ८ सप्टेंबरला ही दुसरी तारही पूर्ण झाली.

त्यानंतर चारच वर्षांनी हेच ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईच्या समुद्रात दिसले. उष्ण प्रदेशातील उन्हापासून तारेचा बचाव व्हावा म्हणून जहाजाला पांढरा रंग दिला होता. १८७० च्या फेब्रुवारीत त्याने मुंबईहून एडनच्या दिशेने तार उलगडायला प्रारंभ केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई व लंडन यांच्यामध्ये सागरी मार्गाने तारव्यवहार सुरू झाला. कापसाचे भाव, जहाजांच्या बातम्या आणि राज्यकारभाराचे हुकूम आता तासांत येऊ लागले. मुंबईच्या बाजाराची घडी त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

पुढे या प्रश्नाला दोन दिशांनी उत्तरे मिळाली. पहिले उत्तर कडीच्या बाजूने आले. १८८३ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी गोळ्या अचूक घासून घेण्याचे यंत्र बनवले, आणि बॉल बेअरिंग हा साऱ्या यंत्रविद्येचा आधार झाला. खिळ्याच्या डोक्याखाली असे गोळ्यांचे कडे बसवले की भोवरकडी मोठ्या भाराखालीही सहज फिरते. १८६५ च्या कडीला जे जमणे कठीण होते, ते हिला सहज साधते.

दुसरे उत्तर तारेच्याच बाजूने आले. १९५६ साली अटलांटिकमधून पहिली टेलिफोन केबल टाकली गेली, तेव्हा खोल पाण्यातील केबलचे कवच पूर्वीसारखेच बाहेरून पिळलेले होते. ताणाने ते उलगडायचे आणि तळाला टेकून ताण सुटला की परत आवळायचे. ब्रिटिश पोस्ट खात्याच्या अभियंत्यांनी कवच बाहेर ठेवण्याऐवजी पोलादी दोर केबलच्या गाभ्यातच बसवला आणि त्याचे थर एकमेकांच्या विरुद्ध दिशेला पिळले. एकाचा पीळ दुसऱ्याने खोडून काढला, आणि ताण पडला तरी केबल जवळजवळ फिरेनाशी झाली. १९६१ मध्ये स्कॉटलंड आणि कॅनडा यांना जोडणारी ‘कॅन्टॅट’ केबल खोल पाण्यात याच तत्त्वावर टाकली गेली. १८५७ साली चुकून झालेला उजव्या-डाव्याचा संयोग येथे जाणूनबुजून, एकाच्या आत दुसरा असा साधला होता, आणि म्हणूनच तो तारक ठरला.

हे स्थिरस्थावर होते न होते तोच वाहकच बदलला. १९६६ च्या जुलैमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे प्रतिपादन केले की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या तंतूतून प्रकाशाद्वारे दूरवर संदेश धाडता येतील. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डॉनल्ड केक आणि पीटर शुल्ट्‌झ यांनी तसा तंतू काढून दाखवला. काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८८ मध्ये अटलांटिकमधून पहिली प्रकाशतंतूंची केबल गेली. भारतात तर त्याआधीच, १९७९ साली, पुण्यातील टेलिफोन केंद्रांना जोडण्यासाठी प्रकाशतंतूची पहिली व्यवस्था उभारली गेली होती. १९९७ साली युरोप आणि जपान यांना जोडणारी ‘फ्लॅग’ ही प्रकाशतंतूंची केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली.

काचेचा हा तंतू एका मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढा जाड असतो. तो दिसतो त्याहून पुष्कळ बळकट आहे. पण तांब्याप्रमाणे ताणून लांबण्याची सोय त्याला नाही. तांबे अतिताणाने सैल पडते, काच अतिताणाने तडकते. त्यातही तो तडा त्याच दिवशी दिसेल असे नसते. पृष्ठावरची सूक्ष्म चीर ताण आणि ओल यांच्या संगतीने हळूहळू वाढत राहते आणि केबल पुरल्यानंतर कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनी तंतू तुटतो. पीळ बसून तंतू जरा वाकडा झाला, तर तो न तुटताही प्रकाश बाहेर गळू लागतो. म्हणून केबलच्या रचनेतच काळजी घेतलेली असते. तंतू पोकळ नळीत सैल ठेवतात. या नळ्या मधल्या कण्याभोवती काही फेरे उजवीकडे आणि मग तितकेच फेरे डावीकडे गुंडाळतात. पीळ चढतो आणि काही अंतरावर स्वतःच उतरतो.

परंतु अशी केबल जमिनीखालच्या नळात ओढून घ्यावी लागते, आणि तेथे शेतकऱ्याच्या दाव्याचा प्रश्न जसाच्या तसा परत येतो. नळाच्या दुसऱ्या टोकाला रहाटाचे यंत्र असते, त्याचा दोर नळातून येऊन केबलला बांधला जातो. ताण पडला की दोर उलगडतो आणि उलगडताना केबललाही आपल्याबरोबर फिरवतो. म्हणून दोर आणि केबल यांच्यामध्ये भोवरकडी घालतात. केबल धरण्यासाठी तारेची विणलेली जाळीदार पिशवी तिच्या टोकावर चढवतात. जितके ओढावे तितकी ती अधिक घट्ट आवळते. विव्हियन केलेम्स या अमेरिकन उद्योजिकेने आपल्या भावाने शोधलेल्या अशा पकडी बनवण्याचा कारखाना १९२७ साली काढला आणि कामगारांच्या बोलीत त्या पकडीला तिचेच आडनाव चिकटले.

बाहेर घालण्याच्या नेहमीच्या प्रकाशतंतू-केबलवर ओढताना सुमारे २७० किलोग्रॅम भाराएवढा ताण चालतो, त्याहून अधिक नाही. यंत्राला हे कळत नाही. नळात वाकण आले, माती साचली, तर यंत्र नेटाने ओढतच राहते. म्हणून आजच्या काही भोवरकड्यांत एक नेमक्या बळाची खुंटी बसवलेली असते. ताण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ती खुंटी मोडते, कडी सुटते आणि केबल जागच्या जागी राहते. खुंटी काही पैशांची, केबल लाखोंची. १८६५ साली कडी मोडली म्हणून तार गेली. आज तार जाऊ नये म्हणून कडी मोडण्यासाठीच घडवली जाते. दीडशे वर्षांपूर्वी जो दोष होता, त्यालाच मोजूनमापून गुणाचे रूप दिले आहे. कडी किती भार सोसते यापेक्षा ती नेमकी कधी हार मानते, हे जाणणे अधिक मोलाचे ठरले.

याच प्रश्नाचे आणखी सूक्ष्म रूप प्रकाशाच्या फिरत्या सांध्यात दिसते. समुद्रतळाचा शोध घेणारी यांत्रिक याने लांबच लांब केबलच्या टोकाला असतात. ती केबल जहाजावरील चक्रावर गुंडाळलेली असते. चक्र फिरत असताना केबलमधील प्रकाश स्थिर उपकरणापर्यंत पोचला पाहिजे. वीज असती तर फिरत्या कड्यावर ब्रश घासून ती घेता येते. प्रकाशाला घासता येत नाही. ज्या वाटेने तो जातो ती तंतूची वाट एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद असते. म्हणून चक्राच्या नेमक्या अक्षावर दोन तंतू समोरासमोर ठेवतात. त्यांच्यामध्ये दोन भिंगे असतात. एक भिंग प्रकाश रुंद करून समांतर सोडते, दुसरे तो पुन्हा गोळा करते. एक बाजू फिरते, दुसरी स्थिर राहते, आणि मधल्या पोकळीतून प्रकाश न अडखळता जातो. येथे सांध्यात स्पर्शच नाही, म्हणून पिळाला धरायला जागा नाही.

तंतू एकाहून अधिक असले की अडचण येते, कारण अक्ष एकच असतो आणि त्यावर एकच तंतू बसतो. या अडचणीवर एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश डोव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा लोलक उपयोगी पडला. त्याच्यातून पाहिलेली प्रतिमा लोलकाच्या दुप्पट वेगाने फिरते. लोलक चक्राच्या निम्म्या वेगाने फिरवला तर चक्राचे फिरणे आणि प्रतिमेचे फिरणे एकमेकांना खोडतात, आणि पलीकडून पाहणाऱ्याला फिरणारे तंतू स्थिर दिसतात. विरुद्ध पीळ देऊन पीळ जिरवण्याची दोर वळणाऱ्याची युक्ती येथे प्रकाशात उतरली आहे.

हे सारे साधले म्हणून समुद्र माणसाला वश झाला, असे मात्र नाही. जपानचे ‘काइको’ नावाचे यान प्रकाशतंतूंच्या केबलला बांधलेले होते. १९९५ च्या मार्चमध्ये ते जगातील सर्वांत खोल समुद्रतळाशी, १०,९०० मीटरहून अधिक खोल, पोचले होते. २००३ च्या मे महिन्यात वादळी हवामानात त्याला धरून ठेवणारी केबल तुटली आणि ते यान गमावले गेले. खोल पाण्यातला ताण १८६५ मध्ये जसा होता तसाच आजही आहे.

अटलांटिकच्या तारेबरोबर फील्ड, थॉमसन, अँडरसन यांची नावे इतिहासात राहिली. काचेच्या तंतूबरोबर काओ यांचे नाव राहील. भोवरकडीशी कोणाचेच नाव निगडित नाही. ती बैलाच्या दाव्यात होती, ‘ग्रेट ईस्टर्न’च्या गळावर होती, आणि रस्त्याच्या कडेला उघडलेल्या खड्ड्यात दोर आणि केबल यांच्यामध्ये ती आजही कोणी कामगार अडकवतो. त्याने ती घालायची टाळली, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. केबल ओढली जाते, खड्डा बुजतो, माणसे घरी जातात. पीळ मात्र जमिनीखाली काचेच्या अंगात शिल्लक राहतो, आणि कित्येक महिन्यांनी एके दिवशी कोण्या दूरच्या गावातला संवाद अर्ध्यावर तुटतो. तेथल्या माणसाला त्याचे कारण कधी कळत नाही.